नदीपलीकडचा लाल बावटा

हुरड्याचे दिवस आहेत, साल 1952. तुम्ही माजलगावात एका शाळेच्या पडवीबाहेर रांगेत उभे आहात. पुढं मुंडासं, मागं मुंडासं, बायकांची रांग वेगळी. खिशात आठ आणे आहेत, ते हाली आहेत की कलदार हे आधी बघून घ्या. निजामाचं राज्य जाऊन तीन वर्षं उलटली तरी त्याचं हाली नाणं बाजारातून गेलेलं नाही. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा हिशेब इथल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे आणि तुम्हाला येत नाही. म्हणून पानाच्या टपरीवर उगाच तोंड उघडू नका.

"पाव्हणं, कोन्या गावचं?" मागचा म्हातारा विचारतो.

"पुण्याकडचा," तुम्ही ठोकून देता.

"मंग तिकडं जेध्या-मोऱ्यांचा पक्ष हाय म्हनं. कुनब्यांचा."

"हाय की."

"लेवी न्हाई म्हनतेत का त्ये?"

लेव्ही हा इथला जिव्हाळ्याचा विषय. खळ्यावर ज्वारीची रास पडली की पटवारी आणि गिरदावर हजर. सरकारी भावानं अमुक इतकी घाला, घरात खायला उरो न उरो. ही रीत निजामाच्या काळातली, पण पोलीस ॲक्शननंतर माणसं बदलली आणि रीत राहिली, ही या रांगेतली खरी तक्रार. कुळांसाठी 1950 सालचा हैदराबादचा कायदा आला आहे, त्यात संरक्षित कुळाला जमिनीवर हक्क आहे. पण जमिनीची नोंद कुठं असते आणि त्यात आपलं नाव कोण लिहितं, हे विचारायला तहसिलीत जायचं तर अंगावर शहाणे कपडे हवेत.

तुमचा नंबर येतो. बोटाला शाई लागते, हातात दोन कागद पडतात. एक दिल्लीचा, एक हैदराबादच्या विधानसभेचा. कागद रुपयाच्या नोटेएवढा, त्यावर एकाही उमेदवाराचं नाव नाही. शिक्काही मारायचा नाही. पडद्यामागं पत्र्याच्या पेट्या ओळीनं मांडल्यात, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, वर चिन्हाचा कागद डकवलेला. आवडत्या पेटीच्या फटीत कागद सरकवला की झालं मत. तुमच्या पुढची बाई काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीला हात जोडते, कपाळ टेकवते आणि कागद मात्र शेजारच्या पेटीत टाकते. लोकशाहीवर पुढं कितीही ग्रंथ वाचलेत तरी हे दृश्य विसरू नका.

बीडचा निकाल लागतो तेव्हा दिल्लीच्या जागेवर काँग्रेस नाही. पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आलेले असतात. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आहे, म्हणून डाव्यांनी या आघाडीचा झेंडा धरलाय. (याच आघाडीचे रवी नारायण रेड्डी तिकडं नलगोंड्यात नेहरूंपेक्षाही जास्त मतं घेतात.) आणि माजलगावाहून उत्तरेला गेलात, मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते तिथं थांबून पलीकडचा काठ बघितलात, तर तो परभणीचा मतदारसंघ. तिथून नारायणराव वाघमारे लोकसभेत गेलेत, शेतकरी कामगार पक्षाचे. गोदावरीच्या दोन्ही काठांवर पहिल्याच निवडणुकीत काँग्रेस पडली आहे. पुढच्या पिढ्यांना हे सांगून पटत नाही.

हा शेतकरी कामगार पक्ष, तोंडी शेकाप, तसा पाच वर्षांचं पोर. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे ही त्याची पुण्याकडची नावं. जेधे ब्राह्मणेतर चळवळीतले, काँग्रेस खेड्यापाड्यांत नेणाऱ्यांतले. स्वातंत्र्य दारात आल्यावर त्यांना दिसलं की काँग्रेसची सत्ता शेटजी-भटजींच्या हाती जाणार आणि कुणबी पुन्हा सतरंजी उचलणार. आधी काँग्रेसच्या आतच त्यांनी संघ काढला. पक्षश्रेष्ठींना तो मानवला नाही. 1947 साली वेगळी चूल मांडली. 1950 साली नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला अधिवेशन भरलं आणि तिथं पक्षानं थेट मार्क्सवाद-लेनिनवाद अंगीकारला. सत्यशोधकाच्या घरात लेनिनची तसबीर लागली. पण कोणता मार्क्सवाद, यावरून लगेच भांडण. दत्ता देशमुखांसारखी मंडळी बाहेर पडली आणि त्यातून पुढं लाल निशाण पक्ष उभा राहिला. 1952 ला मुंबई राज्यात शेकापला 14 जागा, हैदराबादच्या विधानसभेत 10.

मराठवाड्यातला शेकाप मात्र पुण्याच्या शेकापचं पिल्लू नाही, हे रांगेतल्या म्हाताऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. इथली माणसं निजामाविरुद्धच्या लढ्यातून आलेली, स्टेट काँग्रेसच्या डाव्या अंगाची. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील वकील होते, पण कोर्टात जेवढे बोलले त्याच्या कैक पटीनं ते चावडीवर बोलले. ब्राह्मण-ब्राह्मणेतर हा इथला पहिला वाद नव्हताच. इथला वाद देशमुखाच्या वाड्याशी, सावकाराच्या वहीशी आणि लेव्हीशी.

आता पाच वर्षं पुढं चला, पण फार रेंगाळू नका. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा हैदराबादेतून सुटून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पुण्या-साताऱ्याकडं संयुक्त महाराष्ट्राचं रान पेटलंय, त्यासाठी उभ्या राहिलेल्या समितीच्या लाटेवर शेकाप विधानसभेत 31 जागांवर जाऊन पोहोचलाय, आणि माजलगावात? इथं बीडची लोकसभा काँग्रेसनं परत घेतली. मुंबईसाठी जीव देणं पश्चिमेला कळत होतं. इथल्या माणसाला आत्ताच उर्दू कचेरीतून मराठी कचेरी मिळाली होती, त्याला द्विभाषिकाचं फारसं दुःख नव्हतं. पक्षाला मोठं यश मिळालं तेच मुळी त्याच्या शेतकरी कार्यक्रमावर नव्हे, भाषेच्या प्रश्नावर. ते यश ओसरलं तेव्हा पक्षातल्या पुष्कळांना नवल वाटलं, मला वाटत नाही. जेधे तर 1954 लाच काँग्रेसमध्ये परतले होते. मोरेही गेले. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण सुरू झालं आणि त्या बेरजेत शेकापची वजाबाकी होत गेली. मराठवाड्यात मात्र कंधारला केशवराव धोंडगे आणि उस्मानाबादेत उद्धवराव पाय रोवून उभे राहिले.

1967. तुम्ही पुन्हा माजलगावात, या वेळी सभेला. मैदानात गॅसबत्त्या, समोर घोंगड्यांवर माणसं. दोन वर्षं पाऊस धड नाही, रेशनवर परदेशी धान्य. व्यासपीठावर धोतर-सदरा आणि फेट्यातला एक सहासष्ट वर्षांचा म्हातारा चढतो. क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे, लोकांच्या तोंडी पत्री सरकारचे, नाना. शेकापच्या उभारणीत ते होते, नंतर कम्युनिस्ट झाले, 1957 ला साताऱ्यातून लोकसभेत गेले. आता कम्युनिस्ट पक्षानं त्यांना शेकडो किलोमीटरवरून आणून बीडला उभं केलंय. ना इथं त्यांचं शेत, ना भावकी, ना सोयरीक. तुमच्या शेजारचा माणूस कुजबुजतो, "सातारकडचा म्हातारा आपल्याला काय देनार?" दुसरा त्याला गप्प करतो, "आरं, त्यानं गोऱ्या साहेबाला पळवलाय. गप ऐक."

नाना बोलू लागतात ते पुस्तकातलं नसतं. नांगरट, पेरणी, व्याज, लग्नातला खर्च, पोरांची शाळा. हशा पिकतो, मग एकदम शांतता, मग पुन्हा हशा. बीड जिल्ह्यानं या परक्या म्हाताऱ्याला लोकसभेत पाठवलं, ही गोष्ट मला या सगळ्या कथेतली सर्वांत विलक्षण वाटते. आज बीडच्या निवडणुकीत कोणत्या जातीचा उमेदवार कोणत्या तालुक्यात किती घेईल, याची गणितं चहाच्या टपरीवर मांडली जातात. त्याच जिल्ह्यानं एकदा हे गणित न मांडता मत दिलं होतं.

1972-73 चा दुष्काळ वगळून पुढं जाता येणार नाही. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, ढिगामागं ढीग, आणि प्रत्येक ढिगापाशी एक कुटुंब. बाप घण मारतोय, आई हातोडीनं बारीक करतेय, पोरं टोपलीत भरतायत. हातोडीचा तोच तो आवाज शिवारभर. तुम्हीही बसा. पहिल्या तासात बोटाला चेचेल, दुसऱ्या तासात डोळ्यात कच जाईल. दुपारी सुकडी येते, पोरं ताटल्या घेऊन धावतात. घरात तांबडी मिलो शिजते, तिची भाकरी थापायला जावी तर तुटते. पाच-पाच एकरांचे मालक इथं खडी फोडायला बसलेत, त्यांच्या शेजारी त्यांचेच सालगडी. उन्हाळा टिपेला पोचला तेव्हा राज्यभर अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती.

आठवड्याच्या शेवटी माप. ब्रासच्या हिशेबानं ढीग मोजतात आणि भांडण तिथंच लागतं. मुकादम टेप धरतो तेव्हा ढीग नेमका खचतो. मजुराच्या डोळ्यांना दिसतं ते माप आणि वहीत चढतं ते माप यांची गाठ पडत नाही. त्या वेळी कुणीतरी लाल बावटा घेऊन येतो. शेकापचा असेल, कम्युनिस्टांचा असेल. मजूर तो फरक विचारत नाही. "माप पुन्हा घ्या" एवढंच तो म्हणतो. चार बाया उभ्या राहतात, मग चाळीस. माप पुन्हा घेतलं जातं. लहान पक्षाचं काम कसं चालतं हे बघायचं असेल तर ते या ढिगापाशी बघा. आमदारकीचा इथं काही संबंध नाही. तहसीलदारापुढं उभं राहून दुसऱ्याच्या वतीनं बोलता येणारा एक माणूस दर दहा गावांमागं असणं, एवढीच त्याची खरी दौलत. याच खडीतून रोजगार हमीचा कायदा निघाला. योजनेचं श्रेय वि. स. पागे यांचं, ते काँग्रेसचे. पण रस्त्यावरून रेटा देणाऱ्यांत हा बावटा होता.

आता मार्च 1977. आणीबाणी उठत आली आहे. मतपत्रिकेवर आता नावं आहेत, शिक्का आहे, पेटी सगळ्यांना एकच. निकालाच्या रात्री तुम्ही रेडिओला कान लावून बसा आणि मराठवाड्याचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. नांदेड, केशवराव धोंडगे, शेकाप. परभणी, शेषराव देशमुख, शेकाप. लातूर, उद्धवराव पाटील, शेकाप. बीड, गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट. कोकणातून दि. बा. पाटील, कोल्हापुरातून दाजीबा देसाई. लोकसभेत शेकापचे पाच खासदार, त्यातले तीन एकट्या मराठवाड्याचे. रेडिओभोवतीची माणसं एकमेकांना गूळ भरवतायत. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, पण इथं बोलू नका, लोक मारतील.

पुढच्या वर्षी 18 जुलैला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार येतं. 37 वर्षांचा मुख्यमंत्री म्हणून सगळीकडं चर्चा, पण माजलगावात चर्चा दुसरीच. उपमुख्यमंत्री सुंदरराव सोळंके. आपले. याच मंत्रिमंडळात शेकापचे एन. डी. पाटील सहकारमंत्री आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुखही मंत्री. ज्या पक्षानं तीस वर्षं बाहेरून दगड मारले तो आत जाऊन खुर्चीत बसला. रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला तो याच सरकारच्या काळात.

सरकार येऊन दहा दिवसही झाले नाहीत तोच, 27 जुलैला, विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातली गावं पेटली. दलितांची घरं जळाली, माणसं मेली. खडीच्या ढिगापाशी मालक आणि सालगडी शेजारी बसले होते त्याला अजून सहा वर्षंही झाली नव्हती. दाभाडीत लिहिलेल्या वर्गाच्या भाषेत या आगीला उत्तर नव्हतं. पक्ष सरकारात होता, ठरावाच्या बाजूनं होता. त्याचा मतदार मात्र गावात होता. माझ्या मते मराठवाड्यातल्या शेकापची कंबर इथं लचकली. फेब्रुवारी 1980 मध्ये सरकार बरखास्त झालं ते निमित्त. 1984 ला उद्धवराव वारले.

पण कंबर लचकणं वेगळं आणि माणूस बेपत्ता होणं वेगळं. ते का झालं हे बघायला माजलगावच्या धरणावर या. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीचा पाया घातला, त्याचा उजवा कालवा शेकडो गावं मागं टाकत इथल्या जलाशयात येऊन पडतो. सिंदफणेवरचं हे धरण 1987 साली पुरं झालं. भिंतीवर उभं राहून खाली बघा. पाच वर्षांपूर्वी जिथं करडी आणि शाळू होता तिथं ऊस डोलतोय. तेलगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिलाय, आज तो सुंदररावांच्याच नावानं ओळखला जातो.

एका ऊसवाल्याच्या ओसरीवर बसा. त्याच्या बापानं 1952 ला शेजारच्या पेटीत कागद टाकला होता, तो त्याचा अभिमानही आहे. पण आज त्याला काय काय लागतं ते मोजा. कारखान्याचा शेअर. उसाची नोंद, वेळेवर तोड, कारण फेब्रुवारीऐवजी एप्रिलला तोड आली तर वजन घटतं. सोसायटीचं कर्ज, जिल्हा बँकेची मर्जी. कालव्याची पाळी. पोराला कारखान्याच्या शाळा-कॉलेजात जागा. यातली एकही गोष्ट शेकापच्या कार्यकर्त्याच्या हातात नाही. तो फार तर मोर्चा काढून देईल. मोर्चा लेव्हीविरुद्ध चालतो, खडीच्या मापासाठी चालतो. तोडीच्या पाळीसाठी मोर्चा काढला तर पाळी आणखी मागं जाते. तिथं चेअरमनच्या गाडीमागं धावावं लागतं.

पक्षाच्या मागण्या फसल्या असत्या तर पक्ष कदाचित तगला असता. धरणं, सहकार, कर्ज, रोजगार हमी: शेकापनं जे मागितलं त्यातलं बरंचसं आलं, फक्त ते दुसऱ्याच्या सहीनं आलं आणि त्या सहीला मतं मिळाली. सहकारमंत्री शेकापचा होता, सहकार मात्र कधीच शेकापचा झाला नाही.

दुसरी फूट अजून खोल. पाण्यानं माजलगावचा शेतकरी बागाईतदार झाला, तेव्हा धारूर-वडवणीच्या डोंगराकडचा माणूस दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन, बिऱ्हाड गाडीवर लादून ऊस तोडायला निघत होता. पक्षाच्या नावात हे दोघं एका ओळीत बसले होते. फडात एक बांधावर उभा आणि दुसरा कोयता घेऊन वाकलेला. दोघांच्याही बाजूनं एका दमात भाषण करणं नाना पाटलांना साधलं असतं कदाचित, पुढच्यांना नाही साधलं. कोयतेवाल्याचा आवाज मग बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्याकडं गेला. तिथं वर्गाबरोबर जातही बोलू लागली.

शेकापचे विधानसभेतले आकडे आता जिना उतरल्यासारखे उतरतात: 1978 ला 13, 1985 ला पुन्हा 13, मग 8, 6, 5, 2. रायगडात घरचा किल्ला होता, सांगोल्यात गणपतराव होते. 1962 पासून अकरा वेळा एकाच पक्षाच्या, एकाच मतदारसंघाच्या जोरावर निवडून आलेला हा माणूस एसटीनं फिरायचा. बाकी महाराष्ट्रात पक्षाचं नाव वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेलं.

शेवटचा मुक्काम 2024 चा नोव्हेंबर, माजलगावचा मोंढा. वर्षभरापूर्वी, 30 ऑक्टोबर 2023 ला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात याच गावात आमदार प्रकाश सोळंके यांचं घर आणि नगरपरिषदेची इमारत पेटवली गेली होती. जमिनीचे तुकडे झालेल्या, भाव न मिळणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराचा तो संताप होता, आणि तो जातीच्या दाखल्याच्या रूपानं बाहेर आला. तरी निवडणुकीत सोळंकेच पुन्हा निवडून आले. तिकडं सांगोल्यात शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख जिंकले, अलिबाग परत मिळालं नाही. राज्यात पक्षाची एक जागा.

मोंढ्यात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागल्यात. हमीभाव 4,892 रुपये. आडत्या मुठीत दाणे घेतो, दाताखाली एक फोडतो, ओल जास्त आहे म्हणतो आणि त्याच्या कितीतरी खालचा आकडा सांगतो. शेतकरी तिशीतला, पायात स्पोर्ट शूज, हातात मोबाईल.

"हमीभाव टीव्हीवर. हितं मॉइश्चर."

"मंग सरकारी केंद्रावर जा की दादा."

"तिथं नोंदनीची रांग हाय. नंबर लागला तवर माल घरात कुजंल."

"पाडू का काटा?"

तुमच्या ओठावर येतं, माप पुन्हा घ्या म्हणा. आसपास बघता; हमाल बिडी ओढतायत, मागं ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलीय आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतोय.

"पाडा," तो म्हणतो.